एवढं पुरेल: २,१४,७४,८३,६४७ ची गोष्ट

आजच्या भागात आकडे बरेच आहेत आणि आकडे नुसते कानाने नीट कळत नाहीत. म्हणून लेखी रूप जरा सावकाश मांडून देतोय. जेवताना ऐकला असेल तर आता एकदा डोळ्यांखालून घाला.

आज बोलायचंय एकाच संख्येबद्दल. २,१४,७४,८३,६४७. मोठ्याने वाचून बघा: दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस.

माझी आणि हिची पहिली भेट रात्री एक वाजता झाली.

नोकरीचं दुसरं वर्ष होतं. कारखान्यांच्या पाळ्यांना माणसं नेणाऱ्या-आणणाऱ्या बसगाड्या कुठे पोचल्या हे मोबाइलवर दाखवणारं एक ॲप आमची टीम सांभाळायची. साधारण ५०० गाड्या. गाडी धावत असो की उभी, तिच्यातलं यंत्र दर १० सेकंदांनी आपलं ठिकाण पाठवणार आणि ते आमच्या डेटाबेसमध्ये नव्या ओळीत जमा होणार. त्या रात्री नकाशावरच्या सगळ्या गाड्या एकदम थांबल्या. रस्त्यावर त्या व्यवस्थित धावत होत्या, थांबला होता आमचा नकाशा. पण घरी वाट बघणाऱ्याला हे कसं कळणार? एका बाईंची मुलगी दुसरी पाळी संपवून येत होती. त्या हेल्पलाइनला फोनवर फोन करत होत्या. गाडी पाऊण तास त्याच पुलावर दिसतेय, काय झालंय ते तरी सांगा.

मी झोपेतून उठून लॅपटॉप उघडला. लॉगमध्ये एकच तक्रार धो धो येत होती: डुप्लिकेट एंट्री, २१४७४८३६४७. म्हणजे प्रत्येक नव्या ओळीला डेटाबेस पुढचा अनुक्रमांक द्यायला जात होता, पण पुढचा क्रमांकच शिल्लक नव्हता. त्या कॉलमला मी दिलेला प्रकार होता साधा 'इंट', आणि इंटचं छप्पर बरोबर इथे येतं.

हो, मी दिलेला. ते टेबल मीच बनवलं होतं. दोन अब्ज ओळी कधी व्हायच्या, एवढं पुरेल, असं मनात म्हटल्याचं मला अजून आठवतं. भागाकार काही केला नव्हता. ५०० गाड्या, १० सेकंद, म्हणजे सेकंदाला ५० ओळी, दिवसाला ४३ लाख २० हजार. ४९७ दिवसांत खेळ खलास.

जुनं टेबल बाजूला सारून नवं लावलं, तेव्हा गाड्या हलायला लागल्या. मुलगी सुखरूप घरी पोचली होती. मला मात्र झोप लागेना. फोनवर तो आकडा टाकून वाचत बसलो आणि कळलं, की या आकड्यापाशी येऊन तोंडावर पडलेला मी पहिला नाही. दोनशे वर्षांपूर्वी एक चांगला नावाजलेला इंग्रज गणितज्ञ इथेच पडला होता. तोही हेच म्हणाला होता, याच्या पुढे कोण जाणार!

एकतीस एक्के

आधी संख्या ओळखून घेऊ. कॉम्प्युटर सगळं ० आणि १ मध्ये लिहितो. त्याच्या भाषेत ३१ वेळा ओळीने १ लिहा, झाली आपली संख्या. आपल्या भाषेत, २ चा ३१ वा घात घ्या आणि त्यातून १ वजा करा.

आता गंमत अशी, की ही मूळ संख्या आहे. शाळेत आपण जिला प्राइम म्हणायचो ती. १ आणि स्वतः सोडून कुठल्याही संख्येने भाग जात नाही. इतक्या मोठ्या संख्येबद्दल हे सांगणं सोपं, सिद्ध करणं अवघड.

२ चे घात घेऊन त्यातून १ वजा करत जा. दुसऱ्या घाताला ३ मिळतात, तिसऱ्याला ७, पाचव्याला ३१, सातव्याला १२७. सगळ्या मूळ. चौथ्याला १५, सहाव्याला ६३, त्या मूळ नाहीत. घाताचा आकडा स्वतः मूळ नसेल तर उत्तर मूळ येऊच शकत नाही, हे पक्कं आहे. मग घाताचा आकडा मूळ असला की उत्तर मूळ येणार का? असं वाटतं खरं. पण ११ वा घात घेतला की गाडी अडते. २०४७ येतात, आणि २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९.

म्हणजे नियम अर्धाच चालतो. पुढे प्रत्येक आकडा वेगळा तपासावा लागतो. इटलीत बोलोन्याला पिएत्रो कातालदी नावाचा गणितज्ञ होता. त्याने १५८८ मध्ये १७ व्या आणि १९ व्या घाताचं काम हाताने पुरं केलं. १९ व्या घाताला येतात ५,२४,२८७. तिथपर्यंत तो भक्कम होता. मग त्याने उत्साहाच्या भरात २३, २९, ३१ आणि ३७ हेही यादीत घातले. त्यातले तीन चुकले. २३ व्या घाताच्या संख्येला ४७ ने भाग जातो, २९ व्याच्या संख्येला २३३ ने, ३७ व्याच्या संख्येला २२३ ने. ३१ तेवढा बरोबर निघाला. पण चारांत एक बरोबर आला याला माहीत असणं म्हणत नाहीत.

पाद्रीबुवांची यादी

या जातीच्या संख्यांना आज मर्सेन संख्या म्हणतात. मारँ मर्सेन हा फ्रान्समधला पाद्री. जन्म १५८८ चा, म्हणजे कातालदी आकडेमोड करत होता त्याच वर्षाचा. मर्सेनचं मोठं काम म्हणजे पत्रं. युरोपभरच्या विद्वानांशी त्याचा पत्रव्यवहार चालायचा. एकाने काय शोधलं ते दुसऱ्याला कळवायचं, दुसऱ्याची शंका तिसऱ्याकडे पाठवायची. आजच्या भाषेत सांगायचं तर त्या काळातल्या गणिताच्या ग्रुपचा तो ॲडमिन होता.

१६४४ मध्ये त्याने एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत यादीच देऊन टाकली. २५७ पर्यंतच्या कुठल्या घातांना मूळ संख्या मिळते, तर २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७. बाकी कुठेही नाही. २५७ वा घात म्हणजे ७८ अंकी संख्या. हाताने ती तपासणं कुणालाच शक्य नव्हतं, मर्सेनलाही नाही.

यादी तपासून संपायला तीनशे वर्षं लागली. ६७ आणि २५७ चुकीचे निघाले, आणि ६१, ८९, १०७ हे तीन त्याच्या हातून सुटले होते. ६७ व्या घाताची गोष्ट तर प्रसिद्ध आहे. १९०३ मध्ये न्यूयॉर्कला गणितज्ञांच्या सभेत फ्रँक कोल फळ्यापाशी गेला. असं सांगतात की तो एक शब्द बोलला नाही. फळ्याच्या एका बाजूला २ चा ६७ वा घात काढून १ वजा केला, दुसऱ्या बाजूला १९,३७,०७,७२१ गुणिले ७,६१,८३,८२,५७,२८७ हा गुणाकार केला. दोन्ही उत्तरं सारखी आली. खडू ठेवला आणि जागेवर जाऊन बसला.

पण आपला ३१? मर्सेनच्या यादीत तो होता, कातालदीच्याही होता. आणि पुरावा कुणाकडेच नव्हता.

ऑयलरचे भागाकार

पुरावा आला १७७२ मध्ये, सेंट पीटर्सबर्गहून. देणारा लेओनार्ड ऑयलर.

वय ६५. आदल्याच वर्षी शहरातल्या आगीत त्याचं घर जळलं होतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर थोडे दिवस दिसलं आणि मग दृष्टी जवळजवळ गेलीच. तरी काम थांबलं नाही. सांगायचा आणि लिहून घ्यायचा. बर्नोली घराण्यातल्या एका गणितज्ञाला लिहिलेल्या पत्रात त्याने कळवलं, की २,१४,७४,८३,६४७ ही संख्या मूळ आहे, आणि ते कसं तपासलं हेही सांगितलं.

कसं तपासलं, ते समजून घेण्यासारखं आहे. आपल्यातल्या कोडिंग करणाऱ्यांना तर आवडेलच.

सरधोपट मार्ग असा. संख्येच्या वर्गमुळापर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून बघा. आपलं वर्गमूळ येतं ४६,३४० च्या थोडं पुढे. तिथपर्यंत मूळ संख्या आहेत जवळपास ४,८००. हाताने ४,८०० भागाकार, आणि त्यात एक जरी चुकला तर सगळा निकाल पाण्यात.

ऑयलरने चाळणी लावली. समजा एखाद्या मूळ संख्येने आपल्या संख्येला भाग जातो. त्या भाजकाला म्हणू क. आता १ पासून सुरू करा, दुप्पट करत जा आणि दरवेळी क ने भागून फक्त बाकी ठेवा. क ने भाग जातो म्हणजे २ च्या ३१ व्या घाताची बाकी १ येते. याचा अर्थ ३१ उड्यांनंतर तुम्ही परत १ वर येता. ३१ मूळ आहे, त्यामुळे त्याआधी येऊ शकत नाही. फेरी ३१ उड्यांचीच. दुसरीकडे फर्माचा जुना नियम सांगतो, की क वजा १ इतक्या उड्यांनंतर तुम्ही १ वर असताच. मग क वजा १ मध्ये ३१ च्या फेऱ्या पुऱ्या बसल्या पाहिजेत. शिवाय क विषम आहे, म्हणून क वजा १ सम. दोन्ही मिळून काय झालं? क मधून १ वजा केला की ६२ ने भाग गेलाच पाहिजे.

एका दमात बहुतेक सगळे उमेदवार बाद! २०४७ वर पडताळून बघा. तिथे घात ११, म्हणजे २२ चा नियम. २३ म्हणजे २२ अधिक १. ८९ म्हणजे ८८ अधिक १. बसलं.

दुसरी चाळणी आणखी बारीक. असा भाजक ८ ने भागला तर बाकी १ किंवा ७ च उरते. दोन्ही चाळण्या एकत्र केल्या की भाजकाला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ यायला हवी. वर्गमुळापर्यंत अशा संख्या उरतात फक्त ३७० च्या आसपास. त्यातल्या २४९ सारख्या, ज्यांना ३ ने वगैरे भाग जातो, त्या काढल्या की साधारण ऐंशीच्या आसपास भागाकार राहतात.

पहिला उमेदवार ३११. भागून बघा, बाकी ३५. पुढचा १३०३, बाकी २२६. त्याच्या पुढचा १४८९, बाकी १९९. असं करत शेवटपर्यंत जायचं. कुठेच बाकी शून्य येत नाही. संपलं. आता ही संख्या मूळ आहे हे नुसतं कुणाचं मत राहिलं नाही. १६४४ च्या यादीवर विश्वास ठेवा किंवा नका ठेवू, काही फरक पडत नाही. वही घ्या आणि स्वतः करून बघा.

बारलोचं भाकीत

या शोधाबरोबर एक भेटवस्तूही आली. काही संख्यांच्या भाजकांची बेरीज केली, स्वतः ती संख्या सोडून, तर तीच संख्या परत मिळते. ६ चे भाजक १, २, ३. बेरीज ६. २८ चे १, २, ४, ७, १४. बेरीज २८. यांना परिपूर्ण संख्या म्हणतात. युक्लिडने दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी दाखवलं होतं, की मर्सेन जातीची मूळ संख्या सापडली की तिच्यापासून परिपूर्ण संख्या बनवता येते. २८ म्हणजे ४ गुणिले ७, ४९६ म्हणजे १६ गुणिले ३१. सम परिपूर्ण संख्या दुसऱ्या कुठल्या रीतीने बनूच शकत नाही, हे ऑयलरने सिद्ध केलं.

आपल्या संख्येला २ च्या ३० व्या घाताने गुणलं की येतात २३,०५,८४,३०,०८,१३,९९,५२,१२८. परिपूर्ण संख्यांच्या ओळीतली ही आठवी.

आता येतो तो इंग्रज. पीटर बारलो, वुलिचच्या लष्करी अकादमीत गणित शिकवायचा. कच्चा माणूस अजिबात नाही. दुर्बिणी वापरणाऱ्यांना बारलो लेन्स माहीत असेल, ती त्याचीच. त्याची वर्ग, घन आणि मुळांची कोष्टकं लोकांनी शंभर वर्षांहून जास्त वापरली. १८११ मध्ये त्याने संख्याशास्त्रावर पुस्तक लिहिलं आणि त्यात या आठव्या परिपूर्ण संख्येबद्दल एक भाकीत केलं. आशय असा, की यापेक्षा मोठी परिपूर्ण संख्या कधीच सापडणार नाही. कारण या संख्या कुतूहलापुरत्या आहेत, उपयोगाच्या नाहीत, मग त्यांच्यामागे एवढे कष्ट कोण घेणार?

बारलो मूर्ख नव्हता. तेव्हाच्या हिशेबाने त्याचं बरोबरच होतं. पुढची मर्सेन मूळ संख्या ६१ व्या घाताला येते. तिचं वर्गमूळ दीडशे कोटींच्या पुढे. चाळण्या लावूनही लाखो भागाकार उरतात. ऑयलरची संख्या ८० हून जास्त वर्षं ज्ञात असलेली सर्वात मोठी मूळ संख्या राहिली. दरवर्षी बारलो आणखी थोडा बरोबर ठरत होता.

चूक त्याच्या गृहीतकात होती. पुढची माणसं जुन्याच वाटेने जातील असं त्याने धरलं. वाट बदलू शकते हे त्याच्या हिशेबात नव्हतं.

१८७६ मध्ये फ्रान्सच्या एदुआर ल्युकाने वाट बदलली. भागून बघायचंच नाही. त्याच्या पद्धतीला पुढे अमेरिकेच्या लेमरने आजचं सुटसुटीत रूप दिलं, ते असं: ४ पासून सुरू करा. वर्ग करा, २ वजा करा, आपल्या संख्येने भागून बाकी ठेवा. हेच पुन्हा पुन्हा. घातापेक्षा दोन कमी इतक्या वेळा केल्यावर बाकी शून्य आली तर संख्या मूळ, नाहीतर नाही. ३१ वर करून बघा, ती पाचव्या घाताची म्हणून तीन पायऱ्या. ४ चे १४. १४ चे १९४, ३१ ने भागून बाकी ८. ८ चे ६२, बाकी शून्य. झालं! ऑयलरच्या संख्येला अशा २९ पायऱ्या पुरतात. तुमचा फोन ते पापणी लवायच्या आत करतो.

ल्युकाने आपल्या तंत्राने १२७ वा घात सर केला. ३९ अंकी मूळ संख्या. कॉम्प्युटर न वापरता सापडलेली ही सर्वात मोठी मर्सेन मूळ संख्या. बारलोच्या 'कधीच नाही' चं आयुष्य ६५ वर्षं निघालं. १९५२ पासून कॉम्प्युटर कामाला लागले. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली मर्सेन मूळ संख्या १३,६२,७९,८४१ व्या घाताची आहे. तिच्यात ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० अंक आहेत.

एक छोटं वळण घेऊ, कारण मला स्वतःला हे फार आवडतं. ५ वा घात घेतला की ३१ मिळतात, मूळ. ३१ वा घात घेतला की आपली संख्या, तीही मूळ. मग २,१४,७४,८३,६४७ वा घात घेतला तर? ६४ कोटींहून जास्त अंकांची संख्या होईल. साखळी चालू राहते का? नाही राहत. तिला २९,५२,५७,५२,६६,२६,०३१ ने भाग जातो. आणि गंमत बघा. या भाजकातून १ वजा करून आपल्या संख्येने भागलं की बरोबर १,३७,४९० येतात, बाकी शून्य. भाजक फर्मा-ऑयलरच्याच चाळणीत अडकलेला.

उपयोग नाही म्हणे

बारलोच्या वाक्याचा दुसरा भाग होता, उपयोगाच्या नाहीत. त्याचं काय झालं?

३२ बिटांच्या कॉम्प्युटरमध्ये एका पूर्णांकाला ३२ खाने असतात. त्यातला एक धन की ऋण हे ठरवण्यात जातो, उरले ३१. सगळ्यांत १ भरले की छप्पर, आपली संख्या. ती मूळ निघाली हा शुद्ध योगायोग. १६ बिटांचं छप्पर ३२,७६७, त्याला ७ ने भाग जातो. ६४ बिटांचं छप्पर ९२,२३,३७,२०,३६,८५,४७,७५,८०७, त्यालाही ७ ने भाग जातो. मधलं ३२ बिटांचं तेवढं मूळ.

आणि या योगायोगाचा लोकांनी पुरेपूर फायदा घेतला. कॉम्प्युटरला फासे टाकता येत नाहीत, पण गेममध्ये, प्रयोगात, हवामानाच्या गणितात यदृच्छ आकडे, म्हणजे रँडम नंबर, सतत लागतात. एक सोपी युक्ती आहे. कुठलाही आकडा घ्या, १६,८०७ ने गुणा, २,१४,७४,८३,६४७ ने भागा, बाकी हाच पुढचा आकडा. १ पासून निघालात तर १६,८०७, मग २८,२४,७५,२४९, मग १,६२,२६,५०,०७३. पुढे काय येईल याचा अंदाज बघून लागत नाही. आणि १ ते २,१४,७४,८३,६४६ मधला प्रत्येक आकडा एकदा येऊन गेल्याशिवाय एकही दुसऱ्यांदा येत नाही. भाजक मूळ नसता, तर या युक्तीने अशी पूर्ण फेरी झालीच नसती. १९६९ मध्ये आयबीएमच्या मशीनसाठी हे सुचवलं गेलं, १९८८ मध्ये पार्क आणि मिलर यांनी निदान एवढं तरी वापरा म्हणून त्याची शिफारस केली. सी प्लस प्लसच्या स्टँडर्ड लायब्ररीत ही युक्ती आजही आहे, याच दोन आकड्यांसह. आज शिकवायला छान, पासवर्ड आणि गुप्त गोष्टींसाठी मात्र वापरू नका. एक आकडा कळला की पुढचे सगळे कळतात.

तर ऑयलरने कुतूहलापोटी केलेल्या भागाकारांचा उपयोग सापडायला दोनशे वर्षं लागली. पण सापडला.

छप्पर डोक्याला लागतं तेव्हा

हीच संख्या छप्पर म्हणूनही सगळीकडे आहे, आणि तिथे बारलोचं वाक्य पुन्हा पुन्हा बोललं जातं. एवढं पुरेल.

'गंगनम स्टाइल' आठवतंय? डिसेंबर २०१४ मध्ये यूट्यूबने जाहीर केलं, की या गाण्याचे व्ह्यूज ३२ बिटांच्या छपरापलीकडे गेलेत. आम्ही काउंटर केला तेव्हा कुठला व्हिडिओ इतका बघितला जाईल असं वाटलंच नव्हतं, असा त्यांचा सूर होता. त्यांनी आधीच ६४ बिटांवर उडी मारली होती, म्हणून सगळं हसण्यावारी गेलं.

२०१५ मधली गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. अमेरिकेच्या विमान प्रशासनाने बोइंग ७८७ बद्दल आदेश काढला. विमानाची वीज सलग २४८ दिवस चालू राहिली, तर जनित्रांच्या नियंत्रकातला एक काउंटर भरून ओसंडतो आणि सगळी एसी वीज जाऊ शकते. तेव्हा अधूनमधून वीज बंद करून पुन्हा चालू करा. आता आपला आकडा घ्या आणि सेकंदाला १०० ने मोजा. २४८ दिवसांनी तो भरतो. आमचं टेबल सेकंदाला ५० ने भरत होतं, ४९७ दिवस टिकलं. बरोबर दुप्पट. मी हा हिशेब केला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. आमच्याकडे एक नकाशा थांबला होता. (ऑयलरच्या चाळणीतही २४८ होता, पण तो ८ गुणिले ३१. या दोघांचा काही संबंध नाही, शोधत बसू नका.)

आणि सगळ्यात मोठी तारीख अजून यायची आहे. युनिक्सच्या पद्धतीत वेळ १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत मोजतात. जुन्या यंत्रांत हे सेकंद ३२ बिटांत ठेवलेत. १९ जानेवारी २०३८, मंगळवार, भारतात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद. त्या क्षणी सेकंदांचा आकडा असेल २,१४,७४,८३,६४७. पुढच्या सेकंदाला, ज्यांनी दुरुस्ती केली नसेल ती यंत्रं १३ डिसेंबर १९०१ मध्ये जाऊन पडतील. फोन, लॅपटॉप आणि सर्व्हर बहुतेक ६४ बिटांवर गेलेत. लिनक्सने २०२० मध्ये ३२ बिटांच्या यंत्रांसाठीही सोय केली. काळजी आहे ती भिंतीत, गाडीत, कारखान्यात बसवून विसरलेल्या छोट्या यंत्रांची. ती बसवणारा प्रत्येक जण मनात काय म्हणाला असेल, ते मला चांगलं माहीत आहे.

शेवटी

त्या रात्रीनंतर आमच्या टेबलात तो कॉलम ६४ बिटांचा झाला. सहकाऱ्याने विचारलं, आता तरी पुरेल ना? या वेळी मी भागाकार केला. सेकंदाला ५० ओळी धरल्या तर ५८४ कोटी वर्षं.

तरीही कोडमध्ये 'पुरेल' असं मी लिहिलं नाही. तिथे हिशेब लिहिला: किती गाड्या, किती सेकंद, किती दिवस. उद्या गाड्या वाढल्या किंवा कुणी १० सेकंदांचा एक सेकंद केला, तर पुढच्या माणसाला माझ्या शब्दावर विश्वास ठेवायची गरज पडू नये. आकडे बदलून त्याने स्वतः बघावं. यादी देऊन टाकणारे बरेच असतात. ऑयलरसारखं भागून दाखवणाऱ्याचं काम मात्र अडीचशे वर्षांनीही कुणीही तपासून बघू शकतं.

तुमच्याकडे कुठे असा एखादा 'पुरेल' पडून असेल, एक्सेलमध्ये, प्रोजेक्टमध्ये, हॉस्टेलच्या हिशेबात, तर आज एक भागाकार करून बघा. बाकी काय उरली ते कळवा.

भेटू पुढच्या भागात.